उल्हासकांठचीं बालकें आणि त्यांचें आरोग्य

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं इयत्ता सातवीच्या वर्गांत हजेरी घेतांना तीन नांवांपुढें आम्हांस गैरहजेरीची खूण करावी लागली. तीनही मुलें एकाच वस्तींतील होतीं आणि तीनही काविळीनें अंथरुणास खिळलीं होतीं. हजेरीपट मिटून आम्हीं वर्गास एक साधा प्रश्न केला, "आज सकाळीं तुम्ही जें पाणी प्यालांत तें कोठून आलें?" "नळांतून," असें बहुतेकांनीं सांगितलें. "नळांत कोठून आलें?" "टांकींतून." "आणि टांकींत?" येथें वर्ग थांबला. थोड्या वेळानें मागच्या बाकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, वरच्या गांवांतून." सगळा वर्ग हंसला, परंतु त्या दिवशींच्या सर्व उत्तरांत तिचेंच उत्तर खरें होतें. तिच्या त्या उत्तरावरूनच हा पाठ लिहावा असें आमच्या मनांत आलें.

उल्हास नदी राजमाचीकडील सह्याद्रीच्या डोंगरांतून निघते. कर्जत, नेरळ व शेलू हीं ठिकाणें मागें टाकून ती आमच्या वांगणीच्या परिसरांत येते; पुढें बदलापूर व उल्हासनगरावरून कल्याणकडे वळते आणि सुमारें १२२ किलोमीटरांचा प्रवास करून वसईच्या खाडीनें समुद्रास मिळते. बदलापूर येथील बॅरेज धरणांतून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण हेंच पाणी उचलून, शुद्ध करून, बदलापूर व अंबरनाथ येथील घरोघरीं पोंचवितें. आणखी खालीं कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिकाही ह्याच नदीवर अवलंबून आहे. ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. वांगणी हें कर्जत-नेरळच्या दृष्टीनें खालचें गांव आहे, आणि बदलापूर-अंबरनाथच्या दृष्टीनें वरचें. वरच्यांनीं टाकिलेलें आपल्याकडे येतें. आपण टाकिलेलें खालच्यांकडे जातें. बालकांच्या आरोग्याचा विचार करितांना हें दुहेरी नातें विसरून चालणार नाहीं.

बालकाचें शरीर

लहान मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ मनुष्य, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असतां मिनिटास साधारणतः १२ ते २० वेळां श्वास घेतो. तान्ह्या मुलाचा श्वास ३० ते ६० वेळां चालतो. वजनाच्या मानानें पाहिलें तर मूल आपल्यापेक्षां अधिक हवा घेतें, अधिक पाणी पितें व अधिक अन्न खातें. अर्थात् हवेंत, पाण्यांत वा अन्नांत जें वाईट असेल तेंही त्याच्या वांट्यास अधिक येतें.

शिवाय मूल जमिनीजवळ वावरतें. तें रांगतें, माती चिवडतें, हात तोंडांत घालतें. त्याचा मेंदू, फुप्फुसें व मूत्रपिंडें अद्याप घडत असतात. बांधकाम चालू असतां भिंतींत गेलेला दोष पुढें गिलावा केल्यानें जात नाहीं, त्याप्रमाणें घडणीच्या काळांत शरीरास झालेली इजा पुष्कळदां जन्मभर राहते. शिशाचेंच उदाहरण घ्या. पोटांत गेलेल्या शिशापैकीं प्रौढाचें शरीर जेवढा भाग शोषून घेतें त्याच्या चार ते पांच पट भाग मुलाचें शरीर शोषून घेऊं शकतें. तेव्हां "आम्हांस कांहीं झालें नाहीं, मग मुलांस काय होणार?" हा वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद मुळांतच चुकीचा आहे.

पाण्यांतील रोगबीजें

आपल्या भागांतील पहिलें संकट पाण्यांतील रोगजंतूंचें. अतिसार, विषमज्वर, पटकी व काविळीचे दोन प्रकार हे रोग मलानें दूषित झालेल्या पाण्यावाटे पसरतात. पावसाळ्यांत गटारें तुंबतात, जुन्या नळांच्या सांध्यांतून घाण आंत शिरते आणि पूर आला म्हणजे विहिरीही बुडतात. २६ जुलै २०१९ च्या रात्रीं उल्हासेस आलेला पूर आपणांपैकीं अनेकांस आठवत असेल. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान पाण्यांत अडकली आणि दुसऱ्या दिवशीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल, नौदल व वायुदल ह्यांच्या साहाय्यानें सुमारें १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढिले गेले. त्या गाडीचें वर्तमान देशभर पसरलें. परंतु पूर ओसरल्यावर कांठच्या घरांत जो चिखल उरतो आणि विहिरींत जी घाण राहते, तिचें वर्तमान कोठेंच छापून येत नाहीं. पंधरा दिवसांनीं तें शाळेच्या हजेरीपटांत दिसतें.

ह्या संकटापुढें घर हतबल नाहीं. पाणी खळखळ उकळूं लागल्यावर निदान एक मिनिट उकळूं द्यावें, मग झांकून निववावें व दांडीच्या ओगराळ्यानेंच घ्यावें. भांड्यांत हात बुडवूं नये. इंधन नसेल तेथें क्लोरीनच्या गोळ्या वेष्टणावर सांगितलेल्या प्रमाणांत टाकून अर्धा तास थांबावें. पुरानंतर ग्रामपंचायतीनें विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकिली आहे कीं नाहीं, आणि पाण्याचा नमुना तपासणीस पाठविला आहे कीं नाहीं, हें विचारण्याचा प्रत्येक रहिवाशास अधिकार आहे. शौचानंतर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुण्याचा नियम तर पहिलीच्या मुलासही पाळतां येतो.

अतिसार झालाच तर मृत्यु येतो तो बहुधा शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. १९७१ सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची मोठी सांथ आली. शिरेवाटे द्यावयाचें द्रव्य संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनवीस ह्यांनीं मीठ व साखर ह्यांचें मिश्रण पाण्यांत घालून रोग्यांस पाजण्याचा निर्धार केला. सुमारें ३० टक्क्यांवर गेलेलें मृत्यूंचें प्रमाण ४ टक्क्यांच्याही खालीं आलें. तेंच औषध आज क्षार-संजीवनीच्या पुड्यांच्या रूपानें प्रत्येक आरोग्य केंद्रांत मिळतें. पुडी नसल्यास उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें आणि मुलास घोट घोट पाजीत राहावें. अंगावरचें दूध बंद करूं नये. मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचास रक्त पडलें, तर घरीं वेळ न दवडतां त्यास दवाखान्यांत न्यावें.

साचलेल्या पाण्यांतून अनवाणी चालणाऱ्या मुलास आणखी एक भय असतें. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून, पायावरील जखमेवाटे, लेप्टोस्पायरोसिस हा रोग शरीरांत शिरतो. पुराच्या पाण्यांतून गेल्यावर पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर आपण त्या पाण्यांत उतरलों होतों हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. ह्या एका वाक्यानें निदान लवकर होण्यास साहाय्य होतें.

उकळूनही न जाणारें विष

येथवर जें सांगितलें तें गृहिणीच्या हातचें आहे. आतां जें सांगावयाचें तें तिच्या हातचें नाहीं. पाणी उकळल्यानें जंतु मरतात; परंतु शिसें, पारा, क्रोमियम ह्यांसारख्या धातूंस चुलीचा विस्तव कांहींही करूं शकत नाहीं. उलट पाण्याची वाफ होऊन गेली म्हणजे उरलेल्या पाण्यांत त्यांचें प्रमाण किंचित् वाढतें. क्लोरीनच्या गोळीचाही येथें उपयोग नाहीं. अत्यंत दक्ष मातेनेंही ह्या विषापुढें काय करावें?

हा प्रश्न आपल्या भागांत केवळ पुस्तकी नाहीं. अंबरनाथचें शिवमंदिर इ. स. १०६० मधील. त्याच्या शेजारून वालधुनी नदी वाहते. मंदिर बांधणाऱ्यांनीं जिच्या कांठीं जागा निवडिली ती त्या काळीं खचितच निर्मळ असली पाहिजे. आज कारखान्यांचें व वस्तीचें सांडपाणी पोटांत घेऊन ती उल्हासनगरांतून कल्याणकडे जाते, आणि नदी ह्या नांवानें तिला ओळखणारीं मुलें थोडींच आहेत. बहुतेक तिला नाला म्हणतात. नोव्हेंबर २०१४ मध्यें तिच्या पात्रांत चोरून ओतलेल्या रसायनांतून विषारी वायु निघाला आणि उल्हासनगरांतील शेंकडों रहिवाशांस त्याची बाधा झाली. उल्हास व वालधुनी ह्या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध वनशक्ति ह्या संस्थेनें दाद मागितली होती. राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं सांडपाणी प्रक्रिया केंद्रें व स्थानिक संस्था ह्यांस सुमारें ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. पुढें तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें.

आम्ही कारखान्यांचे शत्रु नाहीं. आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे वडील त्याच कारखान्यांत राबून मुलांचें शुल्क भरतात. परंतु ज्या वेतनावर मूल शिकतें त्या वेतनाबरोबर त्याच्या शरीरांत विषही यावें, असा कोणताही सृष्टिनियम नाहीं. सांडपाणी शुद्ध करण्याची विद्या मनुष्यास अवगत आहे. ती खर्चाची आहे एवढेंच. आणि हा खर्च कारखान्यानें टाळला तर तो मुलांच्या प्रकृतींतून वसूल होतो.

वारा, धूर व वायु

हवेचेंही तसेंच आहे. लांकूड, गोवऱ्या व पाचोळा जाळणाऱ्या चुलीच्या धुरांत अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसाच्या टोंकापर्यंत जातात आणि आईच्या कडेवर असलेल्या मुलास न्यूमोनिया होण्याचा धोका वाढवितात. चूल उघड्यावर किंवा खिडकीजवळ घेणें, लांकूड वाळवून वापरणें, स्वयंपाकाच्या वेळीं तान्ह्या मुलास दूर निजविणें, आणि शक्य तेथें गॅस वापरणें हे उपाय सोपे आहेत. संध्याकाळीं गल्लींत प्लास्टिक व कचरा पेटवून देण्याची चाल मात्र तत्काळ थांबविली पाहिजे. त्या धुरांत कांहीं अत्यंत टिकाऊ व घातक विषें उत्पन्न होतात.

ठाणें व रायगड जिल्ह्यांतील अनेक कातकरी कुटुंबें पावसाळा संपतांच वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळा संपेपर्यंत तेथेंच राहतात. त्यांचीं मुलें भट्टीच्या धुरांत निजतात, धुळींत खेळतात आणि शाळेसही मुकतात. ज्या विटांनीं आपलीं घरें उभीं राहतात त्यांची एवढी किंमत एखादें बालक देत असतें, हें घर बांधणारानें जाणावें व भट्टीवरील मुलांच्या शाळेची चौकशी करावी.

कधीं कधीं संकट अकस्मात् येतें. जून २०२१ मध्यें बदलापूर येथें आणि सप्टेंबर २०२४ मध्यें अंबरनाथ येथें औद्योगिक वसाहतींतून वायु पसरून लोकांस श्वासाचा व डोळ्यांच्या जळजळीचा त्रास झाला. अशा वेळीं काय करावें हें मुलांस आधींच ठाऊक असावें. क्लोरीनसारखे वायु हवेपेक्षां जड असल्यानें ते जमिनीलगत व खळग्यांत साचतात. म्हणून खालीं वांकून बसूं नये. वारा ज्या दिशेस वाहत असेल त्या दिशेस धावूं नये, तर वाऱ्यास आडवें जाऊन उंचावर जावें. नाकातोंडावर ओला रुमाल धरावा. बाहेर पडणें अशक्य असेल तर दारें-खिडक्या लावून फटींत ओलीं फडकीं कोंबावीं. डोळे चुरचुरत असल्यास ते निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें धुवावे. साहाय्यार्थ ११२ व रुग्णवाहिकेसाठीं १०८ हे दूरध्वनि-क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावे.

घरांतील विषें

कांहीं विषें तर आपण स्वतःच घरांत आणितों. पेट्रोलमधील शिसें आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें. रंगांतील शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांस ९० भागांची मर्यादा आली. तथापि जुन्या दारांचे पोपडे, फोडलेल्या बॅटऱ्या आणि शेंदूर ह्यांतून शिसें अजूनही मुलाच्या हातास लागतें. जुना रंग खरवडतांना मुलांस घरांत ठेवूं नये. बॅटरी घरीं कधींही फोडूं नये. शेंदूर हाताळल्यावर हात धुवावे.

फिनेल, रॉकेल, ॲसिड, शेतावरील औषध हीं सरबताच्या वा पाण्याच्या बाटलींत भरून ठेवण्याची खोड अनेक घरांत आहे. तहानलेलें मूल बाटलीवरील अक्षरें वाचीत बसत नाहीं. असा पदार्थ त्याच्या पोटांत गेलाच, तर ओकारी करविण्याच्या भरीस पडूं नये, कारण रॉकेल फुप्फुसांत शिरलें म्हणजे प्राणावर बेततें, आणि ॲसिड वर येतांना अन्ननलिका पुन्हां भाजतें. मुलास बाटलीसह थेट रुग्णालयांत न्यावें.

उत्तर ध्रुवाकडील मातांचें दूध

कोणी म्हणेल, "नदी मोठी आहे, समुद्र त्याहून मोठा आहे, टाकिलेलें सारें त्यांत विरून जातें." ह्या समजुतीची परीक्षा पृथ्वीच्या अगदीं दुसऱ्या टोंकास होऊन चुकली आहे, म्हणून क्षणभर तिकडे जाऊं.

कॅनडाच्या उत्तरेस नुनाविक ह्या हिमप्रदेशांत इन्युइट लोक राहतात. तेथें कारखाने नाहींत. लोक मासे, सील व देवमासा ह्यांवर निर्वाह करीत आले. १९८० नंतरच्या दशकांत क्वेबेकमधील डॉ. एरिक देवाई हे मातांच्या दुधांतील विषांचें मापन करीत होते. तुलनेसाठीं निर्मळ दूध हवें म्हणून त्यांनीं इन्युइट मातांच्या दुधाचे नमुने मागविले. तपासणींत निघालें तें उलटेंच. पीसीबी नामक औद्योगिक रसायनाचें प्रमाण त्या दुधांत दक्षिणेकडील शहरवासी मातांच्या दुधाच्या सुमारें पांच पट होतें.

ह्याचें कारण असें. अशीं रसायनें उष्ण प्रदेशांत वाफेबरोबर वर चढतात, वाऱ्यानें उत्तरेस जातात व थंडींत गोठून खालीं उतरतात. तीं पाण्यांत विरघळत नाहींत, चरबींत सांठतात. बारीक जीवांस लहान मासा खातो, त्यास मोठा मासा, त्यास सील, आणि सीलला मनुष्य. प्रत्येक पायरीस विषाचा सांठा वाढत जातो. शेवटच्या पायरीवर अंगावर पिणारें मूल असतें. ज्यानें जगांत कांहींच टाकिलें नाहीं त्याच्या वांट्यास सर्वांत अधिक आलें. तरीही स्तनपान थांबवूं नये असाच सल्ला तेथील मातांस देण्यांत आला, कारण आईच्या दुधाचे लाभ मोठे आहेत. उपाय करावयाचा होता तो वरच्या कांठावर.

त्याकरितां राष्ट्रांच्या वाटाघाटी सुरू झाल्या. इन्युइट लोकांच्या पुढारी श्रीमती शीला वॉट-क्लूटिए ह्यांनीं तेथें माता व बालक ह्यांची एक कोरीव मूर्ति भेट दिली, आणि पुढील बैठकींत ती अध्यक्षांच्या मेजावर ठेवण्यांत येत असे. मोठमोठे मुत्सद्दी तिच्यासमोर बसून शब्दाशब्दाचा कीस काढीत. अखेरीस २००१ सालीं स्टॉकहोम येथें करार झाला. २००४ पासून तो अमलांत आला आणि २००६ सालीं भारतानेंही त्यास मान्यता दिली. अशा रसायनांवर बंधनें आल्यानंतर इन्युइट मातांच्या शरीरांतील पीसीबीचें प्रमाण पुष्कळ घटलें आहे. म्हणजे वरच्यांनीं हात आवरला कीं खालचें मूल वांचतें, हें सिद्ध झालें आहे.

आमचें कर्तव्य

आतां पुन्हां वांगणीस येऊं. १७ एप्रिल २०२१ रोजीं आपल्या ह्याच स्टेशनांत एक लहान मूल फलाटावरून रुळांवर पडलें. त्याच्या आईस दृष्टि नव्हती. समोरून वेगानें गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके हे रुळांवरून धावले, त्यांनीं मुलास फलाटावर उचलून ठेविलें आणि क्षणार्धांत स्वतः वर चढले. मिळालेल्या बक्षिसांतील अर्धी रक्कमही त्यांनीं त्या मुलासाठीं दिली. "हें मूल कोणाचें?" असें विचारण्यास त्यांस वेळ नव्हता, आणि त्यांनीं तें विचारिलेंही नाहीं. प्रभु येशूनें शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यांत शेजारी कोणास म्हणावें हें शिकविलें आहे. तो दाखला वर्गांत शिकवितांना आतां आम्हांस दूरचें उदाहरण शोधावें लागत नाहीं.

पाण्यांतून व वाऱ्यांतून येणारी गाडी मात्र दिसत नाहीं आणि तिची शीळही ऐकूं येत नाहीं. म्हणून तिच्यासाठीं रोजची सवय लागते. विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडून आम्ही चारच गोष्टी मागतों. घरचें पाणी उकळलें आहे ना, हें रोज पाहा. निर्माल्य, प्लास्टिक, उरलेलें औषध किंवा तेल नदींत वा गटारांत टाकूं नका, आणि घरच्यांसही नम्रपणें सांगा. नदीचें पाणी रंगलेलें दिसलें, मासे मेलेले दिसले, रात्रीं उग्र वास आला, तर दिवस व वेळ वहींत टिपून शिक्षकांस दाखवा. आम्ही तें महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवूं. आणि चौथी गोष्ट ही कीं, तुमच्यांतील कांहीं पुढें रसायनशास्त्र शिकतील, कांहीं कारखान्यांत अधिकारी होतील, कांहीं नगरपालिकेंत बसतील. रात्रींच्या वेळीं एखादी झडप उघडावयाची कीं बंद ठेवावयाची हें तुमच्या हातीं येईल. त्या क्षणीं ह्या वर्गांतील ते तीन रिकामे बाक आठवा.

तीं तीनही मुलें महिन्याभरानें शाळेंत परत आलीं, ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानितों. त्या दिवशीं हजेरी घेतांना तिघांनींही मोठ्यानें "हजर" म्हटलें. बदलापूरच्या, अंबरनाथच्या, कल्याणच्या शाळांतही रोज सकाळीं अशीच हजेरी होते. त्या मुलांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. परंतु त्यांच्या दृष्टीनें वरचें गांव आपणच आहों.